चिमूटभर चुन्याची गोष्ट

लेकीच्या बाळंतपणासाठी २०१८ साली अमेरिकेला गेले, तेव्हा बॅगेत काय काय कोंबलं होतं ते सांगितलं तर हसाल. डिंक, अळीव, खारकांची पूड, सुंठ, बाळंतशेपा आणि दोन साड्यांच्या घडीत गुंडाळलेलं माझं लाटणं. ‘आई, इथे सगळं मिळतं गं,’ असं लेक फोनवर दहा वेळा म्हणाली होती. पण लाटणं कसं, हातातलंच हवं ना!

टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो या शहरात लेक-जावई राहतात. पोचले त्याच संध्याकाळी चहाला दूध काढायला फ्रीज उघडला, तर समोर एक पारदर्शक पाकीट. आत गोल, पांढऱ्या, एकसारख्या वीस पोळ्या एकावर एक रचलेल्या.

‘अगं, या कुणी केल्या?’

‘आई, त्या पोळ्या नाहीत, टॉर्टिया आहेत. तव्यावर टाकायच्या, तूप लावायचं, झाली पोळी. आमच्यातल्या बऱ्याच जणी असंच करतात.’

पाकिटावरची तारीख बघितली. पुढच्या महिन्यातली! खरं सांगते मैत्रिणींनो, पोटात कालवलं. बार्शीकडची मी. ज्या घरात तव्यावरची भाकरी थेट ताटात पडायची, त्या घरातल्या लेकीनं सातव्या महिन्यापासून पाकिटातल्या पोळ्या खाव्यात? बोलले काही नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून परात काढली आणि दणादणा कणीक मळायला घेतली. त्या मळण्यात राग किती आणि माया किती, ते माझं मलाच माहीत.

फडक्यात गुंडाळलेली दुरडी

नात झाली. आठव्या दिवशी शेजारच्या घरातल्या आजी बाळाला बघायला आल्या. सॅन अँटोनियोत निम्म्याहून अधिक लोक मेक्सिकन वंशाचे. या आजी मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या वाहाका राज्यातल्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, दोन वेण्या, अंगावर शाल. त्यांना स्पॅनिश आणि त्यांची गावाकडची भाषा येणार, मला मराठी आणि शाळेतल्या फळ्यापुरतं इंग्रजी. मधे दुभाषी म्हणून त्यांची कॉलेजात शिकणारी नात.

आजींनी हातातली टोपली पुढे केली. वर भरतकाम केलेलं फडकं. मी फडक्याचा पदर उचलला आणि वाफेबरोबर असा काही वास आला की क्षणभर मी आमच्या गावच्या चुलीपुढे जाऊन बसले. आपण भाकरी फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवतो ना, अगदी तश्शी. पिवळसर पांढऱ्या, तळहाताहून थोड्या मोठ्या, मक्याच्या गरम टॉर्टिया. बरोबर काळ्या घेवड्याची पातळ उसळ. बाळंतिणीला दूध यावं म्हणून!

पण त्या वासात भाकरीपलीकडचं काहीतरी होतं. दोन घास खाल्ल्यावर आठवलं. दिवाळीच्या आधी भिंतींना चुना दिला की ओल्या भिंतीला येतो, तसला वास. अगदी पुसट. लेकीला म्हटलं, ‘या पाकिटातल्याला हा वास का नाही?’ दुभाष्या नातीनं आजींना विचारलं. आजी खळखळून हसल्या आणि मला हातानं खूण केली, ‘उद्या या.’

‘पोटात चुना?’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले, तर आजी भल्या मोठ्या पातेल्यात वाळलेला मका शिजायला टाकत होत्या. मग एका डबीतून पांढरी पूड काढली, पाण्यात कालवली आणि सरळ मक्यात ओतली.

‘हे काय?’

‘काल,’ नात म्हणाली. स्पॅनिशमध्ये काल म्हणजे चुना.

मी दचकलेच. आपल्याकडे चुना लावणं म्हणजे काय ते सांगायला नकोच! पानाला बोटावरचा ठिपका ठीक, पण स्वयंपाकात? आजींनी माझा चेहरा बघितला आणि शांतपणे पळी फिरवत राहिल्या. पाणी हळदीच्या पाण्यासारखं पिवळं झालं. दाण्याचं साल नखानं सुटायला लागल्यावर गॅस बंद, झाकण बंद आणि रात्रभर तसंच.

सकाळी मका दोन-तीन पाण्यांनी चोळून धुतला. सालं निघून गेली, दाणे टपोरे झाले. मग हातानं फिरवायच्या लोखंडी यंत्रातून ओलाच दळला. त्या ओल्या पिठाला ‘मासा’ म्हणतात, नाव ऐकून मला हसू फुटलं. लिंबाएवढा उंडा, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये दाबला आणि तव्यावर. एक बाजू अर्धा मिनिट, दुसरी थोडी जास्त, पुन्हा उलटली, बोटांनी हलकेच दाबली आणि टम्म फुगली! आजींनी माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. नात लाजत म्हणाली, ‘आमच्याकडे म्हणतात, ज्या मुलीची टॉर्टिया फुगली, ती लग्नाला तयार झाली.’

आता बोला! तो समुद्रापलीकडचा देश आणि आमचं बार्शीजवळचं खेडं, दोन्हीकडे पोरीची परीक्षा तव्यावरच.

मका चुन्यात शिजवण्याच्या या पद्धतीचं नाव निश्तमाल. मेक्सिकोच्या जुन्या नाहुआत्ल भाषेतला शब्द. त्यात राख आणि मक्याचं मळलेलं पीठ, असे दोन शब्द जोडले आहेत, कारण काही ठिकाणी चुन्याऐवजी लाकडाची राख वापरत. चुन्यानं साल सुटतं हे तर दिसतंच, पण पीठ चिकटही होतं. आपण मक्याची भाकरी करायला बसलो की ती काठाला फाटते, कारण मक्यात गव्हासारखा चिकटपणा नाही. त्यासाठी आपण गरम पाण्यानं पीठ मळतो. त्या बायकांनी चुन्यानं तेच साधलं.

गवतापासून भाकरीपर्यंत

मक्याचं मूळ घर मेक्सिको. साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या दक्षिण भागातल्या नदीखोऱ्यात तेओसिंते नावाचं एक रानगवत होतं. त्याच्या कणसाला जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात. पिढ्यान्‌पिढ्या बी निवडून लावता लावता माणसांनी त्याचा मका केला. आणि चुन्यात मका शिजवण्याच्या खुणा निदान तीन हजार वर्षांपूर्वीच्या सापडतात. कुठल्या बाईला हे पहिल्यांदा सुचलं, तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही. चूलच ती, तिचा इतिहास कोण लिहिणार?

टॉर्टिया हे नाव मात्र नंतरचं. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी अझ्टेक राजधानी जिंकली. त्यांच्या भाषेत तोर्ता म्हणजे जाडसर गोल भाकरी किंवा केक, म्हणून ही छोटी ती टॉर्टिया. स्पेनमध्ये आजही टॉर्टिया मागितली तर बटाटा घातलेलं ऑम्लेट येतं! तिथल्या मूळच्या लोकांचा शब्द होता त्लाश्काली. सोळाव्या शतकातल्या बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूनं तिथल्या लोकांकडून माहिती घेऊन मोठा ग्रंथ तयार केला. त्यात बाजारात मिळणाऱ्या टॉर्टियांचे कितीतरी प्रकार नोंदलेत. पातळ, जाड, घेवडा भरलेल्या, मिरची लावलेल्या. म्हणजे आपल्या पुरणपोळी-तिखटमिठाच्या पोळीसारखंच की!

आणि लेकीच्या फ्रीजमधली ती पांढरी? ती गव्हाची. गहू स्पॅनिश लोकांनी आणला. मेक्सिकोच्या उत्तरेकडे, सोनोरासारख्या भागात तो चांगला पिकला आणि तिथे गव्हाच्या टॉर्टिया सुरू झाल्या. सोनोरात हातावर उडवत उडवत कोपरापर्यंत पोचेल एवढी मोठी, मांड्यासारखी पातळ टॉर्टिया करतात. उत्तरेला लागूनच टेक्सास. म्हणून तिथल्या दुकानांत गव्हाची टॉर्टिया आपल्या लेकी-सुनांच्या हाती लागली आणि पोळीच्या जागी बसली.

बी गेलं, चुना राहिला

आता जे सांगणार आहे, ते त्या कॉलेजकन्येनं मला सांगितलं आणि मग मी स्वतः वाचून काढलं. त्यानंतर कितीतरी दिवस डोक्यातून गेलं नाही.

१४९३ मध्ये कोलंबस अमेरिका खंडातून परतला, त्याच्याबरोबर मका युरोपात गेला. पीक भरपूर, खर्च कमी. स्पेन, इटलीतल्या गरिबांच्या घरी हळूहळू मकाच मुख्य अन्न झाला. त्यांच्याकडे वाऱ्यावर, पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या होत्या. कोरडा मका दळला की झालं पीठ. चुन्याची उठाठेव कोण करणार? ज्या बायका हजारो वर्षं मका शिजवत होत्या, त्यांना कुणी विचारलंच नाही की बायांनो, तुम्ही हे पांढरं कशाला घालता?

१७३५ मध्ये स्पेनच्या आस्तुरियास भागातल्या गास्पार कासाल या डॉक्टरांनी गरीब शेतकऱ्यांमध्ये एक नवा रोग नोंदवला. अंगावर, विशेषतः उन्हात उघडं राहणाऱ्या भागावर लाल चट्टे, मग जुलाब, मग बुद्धिभ्रम आणि शेवटी मृत्यू. इटलीत त्याला नाव पडलं पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हाच रोग पसरला. कापसाच्या शेतांतले वाटेकरी आणि गिरण्यांतले मजूर मक्याची भाकरी, काकवी आणि डुकराच्या चरबीवर जगत. १९०६ ते १९४० या काळात तिथे सुमारे तीस लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे एक लाख माणसं दगावली, असा अंदाज आहे. त्यात बायकांचं प्रमाण जास्त. त्याचं एक कारण सांगायला हवं का? दूध असलं तर लेकरांना, मांसाचा तुकडा असला तर कर्त्या पुरुषाला, आणि तिला उरलंसुरलं.

लोकांना वाटत होतं, हा संसर्ग आहे. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर म्हणाले, नाही, हा ताटातला दोष आहे. कुणी ऐकेना, तेव्हा १९१६ मध्ये त्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही हट्टानं ते इंजेक्शन घेतलं. कुणालाही रोग झाला नाही. आणि १९३७ मध्ये कोनराड एल्व्हेम या शास्त्रज्ञांच्या संशोधनातून कळलं, कमी पडत होतं ते नायसिन नावाचं जीवनसत्त्व.

गंमत अशी की मक्यात नायसिन असतं, पण ते बांधलेलं. शरीराला ते मिळत नाही. चुन्याच्या पाण्यात मका शिजला की ते मोकळं होतं. शिवाय चुन्यातलं कॅल्शियम पोटात जातं ते वेगळंच. म्हणून ज्या मेक्सिकोत लोक पिढ्यान्‌पिढ्या मका खात आले, तिथे हा रोग पसरला नाही. वर जोडीला घेवडा. मका, घेवडा आणि भोपळा ते एकाच शेतात लावत आले. आपली भाकरी आणि पिठलं, तसंच.

हा विषय आपल्यापासून फार लांब नाही बरं का. पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या आसपास हैदराबादकडे काम करताना दख्खनच्या पठारावरच्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा बघितला. ही माणसं जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगत होती. दोष ज्वारीचा म्हणण्यापेक्षा, भाकरीबरोबर डाळ, दूध, पालेभाजी नसण्याचा. कोरड्यास काय, हा प्रश्न आपल्या आज्या उगाच विचारत नव्हत्या.

तेरा वर्षांची मुलगी

एक दिवस त्या नातीनं कॉम्प्युटरवर मला एक चित्र दाखवलं. १५४० च्या सुमाराला मेक्सिकोतल्या चित्रकारांनी रंगवलेलं मेंदोसा नावाचं हस्तलिखित आहे. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात ते जपून ठेवलंय. अझ्टेक घरात मुलांना कितव्या वर्षी काय शिकवत, ते त्यात क्रमानं काढलंय. प्रत्येक मुलाच्या डोक्याजवळ त्याच्या वाट्याच्या टॉर्टिया. तीन वर्षांच्या लेकराला जेवणाला अर्धी, चार-पाच वर्षांच्याला एक, सहाव्या वर्षापासून दीड, तेराव्या वर्षी दोन.

आणि तेरा वर्षांच्या मुलीचं चित्र. गुडघ्यांवर बसलीये, पुढे उतरता दगड. आपल्या पाट्यासारखा, पण तीन पायांचा, त्याला मेताते म्हणतात. हातात वरवंटा. बाजूला चूल, तीवर मातीचा तवा. समोर आई बसून सांगतेय.

मी बघतच राहिले. मला माझी अक्का दिसली.

माझ्या पाठच्या भावाच्या वेळी आई आजारी पडली ती वर्षभर उठली नाही. घरात चौदा माणसं. अक्का सातवीत, तेरा वर्षांची. वर्गात पहिल्या तिघींत. आजोबा म्हणाले, भाकऱ्या कोण थापणार? अक्काचं दप्तर खुंटीला अडकलं ते कायमचं. पहाटे जात्यावर ज्वारी, मग काठवटीपुढे तीस-पस्तीस भाकऱ्या. मी तेव्हा पाच वर्षांची. तिच्या भाकरी खाऊन मी शाळेत गेले, डी.एड. केलं, शिक्षिका झाले. इतक्या वर्षांत अक्कानं एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

पुढे गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा आजोबा म्हणाले, ‘गिरणीच्या पिठाला जात्याची गोडी नाही.’ जात्याचा खुंटा त्यांनी जन्मात धरला नव्हता!

तिकडेही तेच. एका कुटुंबापुरतं पीठ वाटायला मेक्सिकन बाईला दिवसाचे पाच-सहा तास गुडघ्यांवर बसावं लागे. ओलं पीठ टिकत नाही, म्हणून हे रोजचं. विसाव्या शतकात खेड्यांत निश्तमाल दळायच्या गिरण्या यायला लागल्या, तेव्हा अनेक गावांत पुरुषांनी विरोध केला. म्हणे, चव जाते. म्हणे, बायका गिरणीवर जमून चकाट्या पिटतील, बिघडतील. बायकांनी जुमानलं नाही. १९३० च्या दशकात तर गावोगावच्या महिला मंडळांनी सरकारकडे गिरण्या मागितल्या आणि सहकारी तत्त्वावर चालवल्या. नंतर टॉर्टिया करायची यंत्रं आली, १९४९ पासून तयार कोरडं पीठ मिळू लागलं. आज तिकडे गल्लोगल्ली टॉर्टियाची दुकानं आहेत. आपण दूध आणायला जातो, तसे लोक फडकं घेऊन किलोवर टॉर्टिया आणायला जातात.

आणि टॉर्टिया म्हणजे किती जीव, ते २००७ मध्ये दिसलं. मक्याचे भाव कडाडले, टॉर्टिया महागली आणि ३१ जानेवारीला मेक्सिको सिटीत हजारो लोक रस्त्यावर उतरले. सरकारला किलोला साडेआठ पेसो असा भाव ठरवून घ्यावा लागला होता. २०१० मध्ये युनेस्कोनं मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला मानवजातीच्या वारशात जागा दिली. २०२५ मध्ये तर जनुकीय बदल केलेल्या मक्याची लागवड देशात होऊ नये, हे त्यांनी राज्यघटनेत घातलं. पांढरा, पिवळा, लाल, निळा असे मक्याचे पन्नासहून अधिक गावठी वाण तिथे आहेत. ते टिकले, कारण बायकांनी ‘या कामाला हाच मका’ म्हणून ते सोडले नाहीत.

शिळ्याची लज्जत

टॉर्टियाचं काय काय करतात म्हणाल, तर आपल्या पोळी-भाकरीसारखंच, सगळं! मधे भाजी, मांस किंवा उसळ ठेवून दुमडली की टाको. चीज घालून दुमडून भाजली की केसादिया. मिरचीच्या रश्शात बुडवून, सारण भरून गुंडाळली की एन्चिलादा. या शब्दाचा अर्थच मुळी मिरची लावलेली. कडक तळून वर उसळ, कांदा, कोबी पसरला की तोस्तादा, आपल्या मसाला पापडाची मोठी बहीण.

पण मला सगळ्यात आवडला चिलाकिलेस. आदल्या दिवशीच्या टॉर्टियांचे तुकडे तळायचे, त्यावर टोमॅटो-मिरचीचा गरम रस्सा ओतायचा, वरून कांदा आणि चुरलेलं पनीरसारखं चीज. सकाळचा नाश्ता. मी आजींना म्हटलं, ‘अहो, ही तर आमची फोडणीची पोळी!’ दुसऱ्या दिवशी त्यांना फोडणीची पोळी करून नेली. मोहरी-हळद त्यांना नवीन. दोन वेळा मागून खाल्ली. शिळं वाया जाऊ न देणाऱ्या बाईची जात जगात एकच.

हॉटेलात मिळणारे त्रिकोणी टॉर्टिया चिप्स माहीत आहेत ना? लॉस एंजलिसमध्ये रिबेका वेब करान्सा या बाईंचा नवऱ्याबरोबर टॉर्टियाचा कारखाना होता. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांच्या यंत्रातून वेड्यावाकड्या टॉर्टिया निघायच्या, त्या टाकून द्याव्या लागत. बाईंनी त्या कापून तळल्या, लोकांना आवडल्या आणि थोड्याच वर्षांत तोच मुख्य धंदा झाला. आणखी एक गंमत. १९८५ मध्ये रोदोल्फो नेरी वेला हे मेक्सिकन अंतराळवीर अवकाशात जाताना टॉर्टिया घेऊन गेले. ब्रेडचे कण यानात तरंगून यंत्रात शिरतात, टॉर्टियाचा भुगा पडत नाही. तेव्हापासून ती अंतराळवीरांच्या डब्यात आहे.

लेकीची पोळी

नात दोन महिन्यांची झाली, लेक घरूनच थोडं काम करायला लागली. एका रात्री साडेनऊला लॅपटॉप मिटून ती ओट्यापाशी आली. मी कणीक मळत होते. म्हणाली, ‘आई, तुझ्या पोळीला तोड नाही. पण तू गेल्यावर पाकीट काढताना दर वेळी मला अपराधी वाटायला नको गं.’

मी गप्प झाले. सकाळीच आजी मला म्हणाल्या होत्या (नात सांगत होती, मी ऐकत होते) की लग्नानंतर वीस वर्षं त्या पहाटे तीनला उठून मका वाटायच्या. आता गुडघे टेकवत नाहीत. त्यांची सून पाकीटच आणते. ‘नातीनं त्या दगडापुढे बसू नये,’ त्या म्हणाल्या, ‘पण मक्यात चुना का घालायचा, ते तिला ठाऊक असलं पाहिजे.’

लेकीला जवळ घेतलं. म्हटलं, ‘खा गं पाकिटातली. पण कणीक किती सैल आणि तवा किती तापलेला, तेवढं एकदा शिकून घे. करायची की नाही, ते तुझं तू ठरव.’ त्या रविवारी तिनं चार पोळ्या केल्या. एक फुगली.

परत आल्यावर अक्काकडे गेले. सोबत वाळलेला मका आणि पानवाल्याकडचा चुना. रात्रभर भिजवला, सकाळी तिच्याच पाट्यावर वाटला. वाटता वाटता तिला सगळं सांगितलं, मेक्सिकोतल्या आजींचं, त्या चित्रातल्या मुलीचं, आणि पहिल्यांदाच, तिच्या खुंटीवरच्या दप्तराचंही. अक्का काही बोलली नाही. मी प्लास्टिकचा कागद पुढे केला, तो तिनं बाजूला सारला. उंडा दोन्ही तळव्यांत घेतला, थाप थाप करत फिरवला आणि तव्यावर टाकला. उलटला, पुन्हा उलटला. टम्म!

मी म्हटलं, ‘अक्का, तिकडं म्हणतात, जिची फुगली, ती लग्नाला तयार झाली.’

अक्कानं पदराला हात पुसले. म्हणाली, ‘लगीन झालं की गं कधीच. आता मला आठवीला बसवा म्हणावं.’

चौकट : घरी करून बघा

साहित्य : अर्धा किलो वाळलेला मका (पांढरा किंवा पिवळा, स्वीटकॉर्न आणि बियाण्यासाठी औषध लावलेला मका चालत नाही), एक छोटा चमचा शुद्ध, काहीही न मिसळलेला खायचा चुना, दोन लिटर पाणी, चवीपुरतं मीठ.

कृती : मका निवडून धुऊन घ्या. स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात चुना कालवा. अॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका, चुन्यानं ते खराब होतं. चुन्याचा हात डोळ्यांना लागू देऊ नका, रंगकामाचा चुना तर मुळीच घेऊ नका. मका घालून उकळी आणा आणि मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं शिजवा. साल नखानं सुटलं की गॅस बंद करून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, सालं काढून टाका. अगदी थोडं पाणी घालत पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटा. मीठ घालून मऊ मळा, कोरडं वाटलं तर पाण्याचा हात लावा. लिंबाएवढे उंडे करून दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ताटलीनं दाबा. चांगल्या तापलेल्या तव्यावर एक बाजू अर्धा मिनिट, दुसरी एक मिनिट भाजा, पुन्हा उलटून हलकेच दाबा. लगेच फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, मऊ राहतात. घेवड्याच्या किंवा राजम्याच्या उसळीबरोबर आणि ठेच्याबरोबर वाढा. ठेच्यातली मिरचीही मूळची तिकडचीच, त्यामुळे जोडी छान जमते!